विजोड जोडी : प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड आणि संगणकावरील खेळ

संगणकावर खेळ खेळणाऱ्यांच्या जगात एक तक्रार वारंवार ऐकू येते. एखादा तरुण वर्षभर पैसे साठवून नवे, महागडे ग्राफिक्स कार्ड विकत घेतो, ते आपल्या सहा-सात वर्षांपूर्वीच्या संगणकात बसवितो आणि मोठ्या उत्सुकतेने आवडता खेळ सुरू करतो. परंतु पडद्यावरील हालचाल पूर्वीइतकीच अडखळत होत असते. कार्ड सदोष असावे असे वाटून तो दुकानदाराकडे जातो. दुकानदार ते दुसऱ्या संगणकात बसवून दाखवितो आणि तेथे तेच कार्ड उत्तम चालते. दोष कार्डात नसतो. जुन्या प्रोसेसरातही तसा काही बिघाड नसतो. दोष असतो तो दोघांच्या जोडीत.

या जोडीविषयी जे समज प्रचलित आहेत त्यांपैकी बरेचसे एका चुकीच्या कल्पनेवर उभे आहेत. संगणकाचे सामर्थ्य म्हणजे त्याच्या भागांच्या सामर्थ्याची बेरीज, ही ती कल्पना होय. ती खरी असती तर कोणताही एक भाग सुधारल्याने सर्व यंत्र त्या प्रमाणात सुधारले असते. प्रत्यक्षात तसे होत नाही. ते का होत नाही, हे समजण्यासाठी पडद्यावरील एक चित्र कसे तयार होते हे प्रथम पाहिले पाहिजे.

एका फ्रेमची घडण

पडद्यावर दिसणारा खेळ हा वस्तुतः स्थिर चित्रांचा अखंड ओघ असतो. चित्रपटात ही चित्रे आगाऊ तयार असतात. चित्रपटगृहातील यंत्र ती दर सेकंदास २४ या गतीने केवळ दाखवीत असते. खेळात मात्र पुढचे चित्र कोणते हे खेळाडूच्या बोटांवर अवलंबून असते. तो उजवीकडे वळला तर एक देखावा, डावीकडे वळला तर दुसरा. त्यामुळे प्रत्येक चित्र त्या त्या क्षणी नव्याने काढावे लागते. अशा एका चित्रास फ्रेम म्हणतात. दर सेकंदास ६० फ्रेम दाखवावयाच्या असतील तर एका फ्रेमसाठी सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ फ्रेम हव्या असतील तर हा अवधी सात मिलिसेकंदांहूनही कमी होतो.

एवढ्या अल्प अवधीत दोन निरनिराळ्या यंत्रांस आपापले काम उरकावे लागते. पहिले काम प्रोसेसरचे. खेळाडूने कोणती कळ दाबली हे तो पाहतो. खेळाचे नियम लागू करतो. संगणकाच्या बाजूने लढणाऱ्या पात्रांनी काय करावे हे ठरवितो. कोणती वस्तू कोणत्या वस्तूवर आदळली याचे गणित करतो. आणि खेळाडूच्या दृष्टीच्या टप्प्यात काय काय येते हे निश्चित करतो. यानंतर तो आज्ञांची एक यादी तयार करतो : ही भिंत येथे काढा, तिच्यावर हा पोत चढवा, हा प्रकाश या दिशेने टाका. ही यादी ग्राफिक्स कार्डाकडे जाते. कार्ड त्या आज्ञांनुसार असंख्य लहान लहान त्रिकोण मांडते, आणि पडद्यावरील प्रत्येक बिंदूचा रंग कोणता असावा हे हिशेबाने ठरविते. म्हणजे काय काढावयाचे हे प्रोसेसर ठरवितो आणि प्रत्यक्ष चित्र कार्ड काढते.

ही श्रमविभागणी प्रारंभापासून नव्हती. १९९३ मध्ये आलेल्या ‘डूम’ या प्रसिद्ध खेळात चित्र काढण्याचे सारे काम प्रोसेसरच करीत असे. १९९६ मध्ये थ्रीडीएफएक्स कंपनीचे ‘वूडू’ कार्ड बाजारात आले आणि बिंदू रंगविण्याचे कष्टाचे काम निराळ्या यंत्राकडे जाऊ लागले. १९९९ मध्ये एनव्हिडियाने ‘जीफोर्स २५६’ हे कार्ड काढले. त्याने त्रिकोणांची मांडणी आणि प्रकाशाचे गणित हेही प्रोसेसरच्या हातून काढून घेतले. कामाचे असे दोन वाटे पडले, आणि दोन्ही वाटेकरी तुल्यबळ आहेत काय, हा प्रश्न तेव्हापासून महत्त्वाचा झाला.

बेरीज नव्हे, साखळी

लग्नघरी पंगतीसाठी पोळ्या होत आहेत असे समजा. एक बाई लाटते, दुसरी भाजते. लाटणारीस एका पोळीस अर्धा मिनिट लागतो आणि भाजणारीस एक मिनिट. तर पंगतीत मिनिटास किती पोळ्या जातील? एकच. लाटणारीने हात कितीही चपळाईने चालविला तरी तव्यावरून मिनिटास एकच पोळी उतरणार. आता भाजणारीस आणखी एक तवा दिला, तर मिनिटास दोन पोळ्या होऊ लागतील. परंतु तिसरा आणि चौथा तवा मांडला तर पोळ्यांची संख्या मुळीच वाढणार नाही. ते तवे रिकामे तापत राहतील, कारण आता लाटणारीचा वेग संपला.

प्रोसेसर आणि कार्ड यांचा संबंध असाच आहे. कार्ड एक फ्रेम रंगवीत असते तेव्हा प्रोसेसर पुढच्या फ्रेमची यादी करीत असतो. त्यामुळे दोन फ्रेममधील अंतर दोघांच्या वेळांच्या बेरजेइतके नसते. त्या दोहोंपैकी जो अधिक वेळ घेतो, बव्हंशी त्याच्या वेळेइतके ते असते. उदाहरणादाखल आकडे घेऊ. प्रोसेसरास एका फ्रेमसाठी १० मिलिसेकंद आणि कार्डास २० मिलिसेकंद लागत असतील, तर दर सेकंदास ५० फ्रेम मिळतील. दुप्पट वेगाचे कार्ड बसविले की कार्डाचा वेळ १० मिलिसेकंदांवर येईल आणि फ्रेम १०० होतील. येथे खर्च सार्थकी लागला. या यशाने हुरूप येऊन चौपट वेगाचे कार्ड आणले तर? कार्डाचे काम पाच मिलिसेकंदांत आटोपेल, परंतु फ्रेम १०० च राहतील. उरलेले पाच मिलिसेकंद ते महागडे कार्ड पुढच्या यादीची वाट पाहत बसेल.

बाजारात या अवस्थेस ‘बॉटलनेक’ असे नाव आहे. बाटली केवढीही मोठी असो, पाणी तिच्या गळ्याएवढ्याच वाटेने बाहेर पडते. परंतु ही उपमा एका बाबतीत दिशाभूल करते. बाटलीचा गळा ठरलेल्या जागी असतो. संगणकात तो जागा बदलतो. कधी तो प्रोसेसरापाशी असतो, कधी कार्डापाशी, आणि एकाच खेळात घराच्या आतून गजबजलेल्या चौकात पाऊल टाकताच तो एकाकडून दुसऱ्याकडे जातो.

पडद्याचा प्रश्न

गळ्याची जागा ठरविणारी पहिली गोष्ट म्हणजे पडद्यावरील बिंदूंची संख्या. सर्वसाधारण पडद्यावर आडवे १,९२० आणि उभे १,०८० असे एकूण २०,७३,६०० बिंदू असतात. ज्यास ‘फोर-के’ म्हणतात त्या पडद्यावर ३,८४० गुणिले २,१६०, म्हणजे ८२,९४,४०० बिंदू असतात; बरोबर चौपट. हे सारे बिंदू रंगविण्याचा भार कार्डावर पडतो. प्रोसेसरचे काम मात्र पडदा बदलल्याने फारसे बदलत नाही. रस्त्यावरून शंभर माणसे चालली असतील तर त्यांची चाल ठरविण्यास जेवढे गणित लहान पडद्यासाठी लागते, तेवढेच मोठ्या पडद्यासाठी लागते.

वरील उदाहरण पुढे नेले तर याचा परिणाम स्पष्ट होईल. साध्या पडद्यावर पाच मिलिसेकंदांत काम उरकणाऱ्या त्या कार्डास फोर-के पडद्यावर १८ मिलिसेकंद लागू लागले, असे समजा. प्रोसेसरचे १० मिलिसेकंद कायम आहेत. आता वाट पाहण्याची पाळी प्रोसेसरवर आली आणि फ्रेमची संख्या ५५ च्या आसपास उतरली. जोडी तीच आहे, खेळही तोच आहे. केवळ पडदा बदलल्याने दुबळा कोण हे उलटले.

प्रोसेसरची परीक्षा घेणारे जाणकार साधा पडदा आणि अतिशय बलवान कार्ड का वापरतात, याचा उलगडा यावरून होतो. असे कार्ड आणि असा पडदा कोण एकत्र वापरतो, असा आक्षेप पुष्कळदा घेतला जातो. परंतु फोर-के पडद्यावर कार्डच मागे पडत असल्याने चांगला आणि सामान्य असे दोन्ही प्रोसेसर सारखेच दिसू लागतात. परीक्षकास कार्डाचा अडथळा बाजूस सारून प्रोसेसरचा स्वतःचा वेग पाहावयाचा असतो. पुढे कधी कार्ड बदलले तर हा प्रोसेसर कोठवर साथ देईल, हे त्या परीक्षेवरून कळते.

खेळाचा स्वभाव

दुसरी गोष्ट म्हणजे खुद्द खेळ. २०२३ मध्ये आलेल्या ‘काउंटर-स्ट्राइक २’ सारख्या स्पर्धात्मक नेमबाजीच्या खेळात खेळाडू चित्राच्या सौंदर्यापेक्षा वेगास महत्त्व देतात. ते चित्राचा दर्जा मुद्दाम कमी ठेवून सेकंदास शेकडो फ्रेम मिळविण्याचा प्रयत्न करतात, आणि तेथे मर्यादा येते ती बहुधा प्रोसेसरची. २०१५ च्या ‘सिटीज : स्कायलाइन्स’ या खेळात खेळाडू नगर वसवितो, लोकसंख्या वाढत जाते तसतसे हजारो नागरिकांचे आणि वाहनांचे मार्ग ठरविण्याचे ओझे प्रोसेसरवर साचत जाते. २०१६ च्या ‘सिव्हिलायझेशन ६’ मध्ये आपली खेळी झाल्यावर संगणकाच्या राष्ट्रांच्या खेळ्या होईपर्यंत थांबावे लागते. तो काळ कितीही उत्तम कार्ड आणले तरी कमी होत नाही. याउलट २०२० च्या ‘सायबरपंक २०७७’ मध्ये प्रकाशकिरणांचा मार्ग हिशेबाने शोधण्याची सोय चालू केली की भलीभली कार्डे धापा टाकू लागतात. त्या सोयीचा काही भार प्रोसेसरवरही पडतो, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

म्हणूनच दोन भागांची नावे दिली असता ‘ही जोडी इतके टक्के विजोड आहे’ असे सांगणाऱ्या कोष्टकांवर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही. कोणता खेळ, किती बिंदूंचा पडदा आणि किती फ्रेमची अपेक्षा, हे न विचारता दिलेली टक्केवारी म्हणजे वाट न पाहता सांगितलेला प्रवासाचा वेळ होय.

अनेक हात, एक धागा

प्रोसेसरविषयीचा आणखी एक समज येथे तपासावयास हवा. आजच्या प्रोसेसरमध्ये सहा, आठ, सोळा असे अनेक कोअर असतात. प्रत्येक कोअर म्हणजे स्वतंत्रपणे काम करू शकणारा एक हात. अधिक कोअर म्हणजे खेळ अधिक वेगवान, असे सहज वाटते. परंतु खेळातील पुष्कळशी कामे एकामागून एक अशीच करावी लागतात. गोळी लागली की नाही हे ठरल्यावाचून शत्रू पडला की नाही हे ठरविता येत नाही, आणि तो पडला की नाही हे ठरल्यावाचून तो कसा काढावा हे सांगता येत नाही.

संगणकशास्त्रज्ञ जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्ये याविषयीचा जो विचार मांडला तो पुढे त्यांच्याच नावाने नियम म्हणून ओळखला जाऊ लागला. एखाद्या कामाचा ४० टक्के भाग क्रमानेच करावा लागत असेल, तर बाकीच्या भागासाठी अगणित हात लावले तरी सबंध काम अडीच पटींहून अधिक वेगाने होऊ शकत नाही. २०१५ मधील ‘डायरेक्ट-थ्रीडी १२’ आणि २०१६ मधील ‘वल्कन’ या व्यवस्थांनी कार्डासाठीची आज्ञांची यादी अनेक कोअरना वाटून घेणे सुलभ केले. तरीही बहुतेक खेळांत एक मुख्य धागा शिल्लक राहतो आणि तो एका कोअरच्या वेगाने चालतो.

यातून एक फसवी गोष्ट उद्भवते. आठ कोअरपैकी एकच पूर्ण क्षमतेने राबत असेल आणि बाकीचे स्वस्थ असतील, तर प्रोसेसरचा एकूण वापर केवळ साडेबारा टक्के दिसेल. तो आकडा पाहून प्रोसेसर मोकळा आहे असा निष्कर्ष काढणे चूक ठरते. मुख्य धागा त्या एका कोअरवर गुंतून पडलेला असतो.

शिवाय कोअरचा वेग म्हणजे केवळ गिगाहर्ट्झचा आकडा नव्हे. एएमडी कंपनीने २०२२ मध्ये काढलेला ‘रायझन ७ ५८००एक्स३डी’ हा प्रोसेसर याचा चांगला दाखला आहे. त्याच कुळातील आधीच्या ‘५८००एक्स’ प्रमाणेच त्यातही आठ कोअर होते, आणि त्याचा कमाल वेग ४.७ ऐवजी ४.५ गिगाहर्ट्झ, म्हणजे उलट थोडा कमीच होता. फरक होता तो प्रोसेसरच्या अंगभूत स्मृतीत, जिला कॅश म्हणतात. ती ३२ मेगाबाइटवरून ९६ मेगाबाइटवर नेली होती. तरीसुद्धा अनेक खेळांत हा नवा प्रोसेसर जुन्यास स्पष्टपणे मागे टाकू लागला. लागणारी माहिती हाताशीच असल्याने मुख्य स्मृतीकडे जाण्यायेण्यात त्याचा वेळ कमी खर्च होत असे. त्याच कारणाने, एकाच पट्टीत असलेली मुख्य स्मृती दोन पट्ट्यांत विभागून बसविली तर मंद वाटणारा प्रोसेसर कधी कधी बराच सुधारतो.

सरासरीमागे लपलेला हिसका

जोडीतील कोणीही दुबळा असला तरी फ्रेम कमी होतात. तथापि खेळणाऱ्यास येणारा अनुभव दोन्ही वेळी सारखा नसतो. कार्ड दुबळे असेल तर मंदपणा बहुधा एकसारखा असतो. चित्राचा दर्जा उतरविला की वेग वाढतो. प्रोसेसर दुबळा असेल तर मात्र चित्र काही काळ सुरळीत चालते आणि मध्येच हिसका बसतो. गर्दीचा चौक आला, स्फोट झाला, नवा प्रदेश स्मृतीत भरावा लागला, की कामाचा ढीग एकदम वाढतो आणि ती एक फ्रेम लांबते.

समजा, एका सेकंदात ६० फ्रेम दिसल्या. त्यांपैकी ५९ फ्रेमना प्रत्येकी १५ मिलिसेकंद लागले आणि एका फ्रेमला ११५. एकूण वेळ बरोबर एक सेकंद होतो आणि सरासरी ६० फ्रेमची येते. आकडा निर्दोष आहे, परंतु ती एक लांबलेली फ्रेम डोळ्यास ठेच लागावी तशी जाणवते. आणि नेमक्या त्याच क्षणी नेम धरावयाचा असेल तर डाव हातचा जातो. म्हणून जाणकार परीक्षक केवळ सरासरी न सांगता सर्वांत मंद अशा एक टक्का फ्रेमचा वेगही सांगतात. सरासरी आणि हा आकडा यांच्यात मोठे अंतर असेल तर चाल विषम आहे असे समजावे.

कार्ड अपुरे पडत असतानाही एक सूक्ष्म दोष उत्पन्न होतो. प्रोसेसर पुढच्या फ्रेमच्या याद्या तयार करून ठेवतो आणि त्या कार्डापुढे रांगेत पडून राहतात. लाटलेल्या पोळ्या परातीत साचाव्यात तशा. खेळाडूने कळ दाबल्याचा परिणाम ज्या यादीत आहे ती रांगेच्या शेवटी असते. त्यामुळे कळ दाबणे आणि पडद्यावर काही घडणे यांत विलंब होतो. अशा वेळी फ्रेमच्या संख्येवर मुद्दाम थोडी खालची मर्यादा घातली तर रांग मोडते आणि खेळ हातास अधिक हलका लागतो.

स्वस्त कार्ड आणि जुना संगणक

विजोडपणाचा सर्वाधिक फटका कोणास बसतो? लाखो रुपये खर्च करणारा ग्राहक सहसा सर्वच भाग नवे घेतो. थोडक्या पैशांत जुन्या संगणकाचे आयुष्य वाढवू पाहणारा मात्र या प्रश्नात सापडतो. अलीकडच्या दोन उदाहरणांवरून हे दिसून येईल.

जानेवारी २०२२ मध्ये एएमडीचे ‘रेडिऑन आरएक्स ६५०० एक्सटी’ हे कमी किमतीच्या वर्गातील कार्ड आले. कार्ड आणि बाकीचा संगणक यांच्यात माहितीची ने-आण करणाऱ्या मार्गिका असतात. पुष्कळ कार्डांना अशा आठ किंवा सोळा मार्गिका असतात. या कार्डास चारच होत्या. नव्या, चौथ्या पिढीच्या पीसीआय एक्सप्रेस व्यवस्थेत त्या चारांतून बरीच वाहतूक होई. परंतु तिसऱ्या पिढीच्या जुन्या मदरबोर्डवर प्रत्येक मार्गिकेची क्षमता निम्मी होती. कार्डाची स्वतःची स्मृती चार गिगाबाइट. ती भरली की खेळाचे पोत मुख्य स्मृतीतून या अरुंद वाटेने आणावे लागत. परिणामी काही खेळांत तेच कार्ड नव्या मदरबोर्डवर बरे चाले आणि जुन्यावर फार मागे पडे. असे स्वस्त कार्ड घेणाऱ्यांत जुन्या मदरबोर्डचेच मालक पुष्कळ असणार, हे उघड आहे.

दुसरे उदाहरण इंटेलच्या ‘आर्क बी५८०’ या कार्डाचे. ते डिसेंबर २०२४ मध्ये आले. १२ गिगाबाइट स्मृती आणि २४९ डॉलर एवढी अमेरिकेतील किंमत यांमुळे त्याचे चांगले स्वागत झाले. पहिल्या चाचण्या प्रघाताप्रमाणे अत्यंत वेगवान प्रोसेसरवर झाल्या होत्या. जानेवारी २०२५ मध्ये काही परीक्षकांनी ते काही वर्षांपूर्वीच्या मध्यम प्रोसेसरवर चालवून पाहिले, तेव्हा अनेक खेळांत त्याचा वेग प्रतिस्पर्धी कार्डांच्या मानाने बराच अधिक घसरला. कारण कार्डाच्या ‘ड्रायव्हर’मध्ये होते. ड्रायव्हर ही कार्डास चालविणारी आज्ञावली होय. तिचे काम कार्डावर होत नाही, प्रोसेसरवर होते. या आज्ञावलीचा भार वेगवान प्रोसेसर सहज पेलत असे. जुना प्रोसेसर मात्र त्याखाली दबून जाई. कार्ड चांगलेच होते. परंतु ज्याच्यासाठी ते विशेष उपयोगी वाटत होते, त्या ग्राहकाच्या संगणकात त्याची खरी परीक्षा उशिरा झाली.

दिल्लीचे नेहरू प्लेस, मुंबईचा लॅमिंग्टन रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट किंवा बंगळुरूचा एस. पी. रोड येथे सुटे भाग निवडून संगणक जोडून घेणाऱ्याने ही उदाहरणे स्मरणात ठेवावीत. कार्डाच्या खोक्यावर छापलेले सामर्थ्य हे अनुकूल जोडीदार मिळाल्यावरचे सामर्थ्य असते.

निदान आणि उपाय

जोडीत दुबळा कोण, हे ओळखण्यास महागड्या साधनांची जरुरी नाही. नेहमीच्या खेळात गर्दीची एखादी जागा निवडावी आणि फ्रेमची संख्या पाहावी. मग इतर काही न बदलता चित्रातील बिंदूंची संख्या बरीच कमी करून पुन्हा पाहावी. फ्रेम भराभर वाढल्या तर कार्ड अपुरे पडत होते. त्या जवळजवळ तितक्याच राहिल्या तर प्रोसेसर अपुरा पडत आहे. कार्डाचा वापर दाखविणारी आज्ञावली असेल तर तीही उपयोगी पडते. वापर ९५ टक्क्यांच्या वर टिकून असेल तर कार्ड आपली सीमा गाठून चालले आहे. तो बराच खाली असेल तर त्यास पुरेसे काम मिळत नाही. मात्र फ्रेमवर मुद्दाम मर्यादा घातलेली नाही, याची आधी खात्री करावी. नाहीतर निदान चुकेल.

दुबळेपणा कार्डाचा असेल तर सावल्या, प्रतिबिंबे आणि बिंदूंची संख्या कमी करावी. एनव्हिडियाची डीएलएसएस किंवा एएमडीची २०२१ मध्ये आलेली एफएसआर या पद्धतींनी कमी बिंदूंत चित्र काढून ते मोठे करता येते. परंतु यामुळे कार्ड मोकळे होते आणि मर्यादा प्रोसेसरकडे सरकते. प्रोसेसर आधीच थकलेला असेल तर या उपायाने काही साधत नाही. दुबळेपणा प्रोसेसरचा असेल तर रस्त्यावरील गर्दी, दूरच्या वस्तूंचा तपशील आणि दृष्टीचा टप्पा कमी करावा. उलट चित्रातील बिंदू निःशंकपणे वाढवावेत, कारण कार्डाची रिकामी शक्ती तेथे फुकट वापरता येते. २०२२ मध्ये एनव्हिडियाने दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये तिसरी फ्रेम कार्डाकडूनच रचून घेण्याची युक्ती आणली. तीत प्रोसेसरवर फारसा नवा भार पडत नाही आणि चित्र अधिक सलग दिसते. तथापि रचलेल्या फ्रेममध्ये खेळाडूची नवी कळ नोंदलेली नसते, म्हणून डोळ्यास मिळणारा लाभ हातास मिळत नाही.

नवी खरेदी करावयाची असेल तर आरंभ पडद्यापासून करावा. सेकंदास ६० वेळा चित्र बदलणाऱ्या पडद्यावर २०० फ्रेम दिसू शकत नाहीत. पडदा ठरला की कोणते खेळ खेळावयाचे हे ठरते, त्यावरून कार्ड ठरते, आणि त्या कार्डास अपेक्षित वेगाने याद्या पुरवू शकेल असा प्रोसेसर शेवटी निवडता येतो. मर्यादित पैशांतील मोठा वाटा कार्डास जावा हे बहुतेक खेळांच्या बाबतीत योग्यच आहे. परंतु कार्ड बदलणे सोपे असते. प्रोसेसर बदलावयाचा तर पुष्कळदा मदरबोर्ड आणि स्मृतीही बदलावी लागते. म्हणून प्रोसेसर निवडताना पुढील एखाद्या कार्डाचाही विचार केलेला बरा. आणि जुन्या संगणकासाठी कार्ड घेणाऱ्याने ते आपल्यासारख्याच प्रोसेसरवर कसे चालते हे पाहिल्यावाचून पैसे मोजू नयेत.

पूर्णतः समतोल असा संगणक कोठेही नसतो. प्रत्येक क्षणी जोडीतील कोणीतरी दुसऱ्यासाठी थांबलेला असतोच, आणि त्यात वावगे काही नाही. हवा तेवढा वेग मिळत असेल आणि चाल सुरळीत असेल, तर कोण कोणासाठी किती थांबतो याची चिंता व्यर्थ होय. पैसे खर्चण्याची वेळ येते तेव्हा मात्र हाच प्रश्न सर्वांत आधी विचारावा लागतो. आता कोण थांबला आहे आणि कोणामुळे, हे ज्यास कळले त्याचा रुपया योग्य ठिकाणी पडतो; ज्यास कळले नाही तो थांबलेल्यालाच अधिक बलवान करतो, आणि तो थांबलेलाच राहतो.